उसनं रडणं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादांना तर नाहीच. तुम्ही माझे ना नात्याचे ना गोत्याचे, म्हणून जीभ रेटते आहे इतकंच.

कल्याणात आम्ही चार टाळक्यांनी नाटक काढलं होतं. फळ्या बंदरावरून मागून आणलेल्या, पडदा म्हणजे जुन्या सतरंज्या जोडून शिवलेला, आणि नाटकगृह म्हणजे एका व्यापाऱ्याची रिकामी भाताची वखार. माझ्याकडे राणीचं काम. त्यापायी मिशी उतरवली — वडील हयात असताना! ते माझ्याशी बोलेनासे झाले. लुगडं मात्र वहिनींनी आपलं दिलं. निऱ्या कशा घालायच्या, पदर कसा सावरायचा, सगळं त्यांनीच शिकवलं, हसून हसून.

एक जागा काही केल्या जमेना. भाऊ रणात पडल्याचं राणीला कळतं, तिथे मी रडू लागलो की मंडळी खो खो हसत. तालीम घेणारे मास्तर म्हणाले, "अरे, रडतोयस की शिंक येत्येय तुला? उद्या जमलं नाही तर राणी दुसऱ्याला देतो." ज्या कामासाठी घरात तोंड चोरून वावरत होतो, ते दुसऱ्याला?

आता पुढचं कसं सांगू?

वहिनींना एक धाकटा भाऊ होता, गोविंद. ठाण्याला मामांकडे असे. आईवेगळा — वहिनींनीच कडेवर वाढवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो — हो, मीच म्हणालो — वहिनी, ठाण्याहून माणूस आला होता. गोविंद गेला.

त्या ओरडल्या नाहीत. हातातली भाकरी नीट तव्यावर टाकली. पिठाचे हात तसेच वर धरले आणि विचारलं, "जेवला होता का हो तो?" मग एकदम वाकल्या. कपाळ परातीच्या काठाला टेकलं.

खोटं आहे हे लगेच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. नाही सांगितलं. पाहत राहिलो. खांदे कसे हलतात, श्वास कुठे अडकतो — भाकरी करपल्याचा वास आला तरी पाहतच होतो. खोटं बोललो ते एक वेळ सोडा. पण हे पाहत राहणं? कुठल्या माणसाला हे जमतं? पोटभर पाहून झाल्यावर म्हणालो, निरोप शेजारच्या घरचा होता, माझी गफलत झाली. वहिनी रागावल्याही नाहीत. देवापुढे साखर ठेवली आणि त्यातली माझ्या हातावर घातली. मी ती खाल्ली.

नाटकाला वखारीत बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बायका बसल्या होत्या. त्यांत वहिनी. राणीला बातमी कळली. मी दोन्ही हात वर धरले आणि — हे नाटकात नव्हतं — म्हणालो, "जेवला होता का हो तो?" पडद्याआड हुंदके फुटले. मास्तरांनी पाठ थोपटली. मला किती आनंद झाला होता, तेही सांगून टाकतो. घरी वहिनींनी लुगडं परत घेतलं, घडी घातली. ते लुगडं त्या पुन्हा कधी नेसल्या नाहीत.

पुढे काही वर्षांनी पटकीच्या साथीत गोविंद खरोखरच गेला. दादा परगावी होते, म्हणून निरोप माझ्याकडे आला. मी त्याच दारात उभा राहून सांगितला. वहिनींनी मान वर केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापू लागल्या. ती भाजली. दुसरी थापायला घेतली. मधूनमधून माझ्याकडे पाहत होत्या — माझी गफलत झाली, असं मी कधी म्हणतो याची वाट बघत.

वहिनी, या वेळी खरं आहे, एवढंच म्हणायचं होतं. माझ्याने म्हणवेना.