बत्तीवाले तात्या

आमच्या पाथर्डीकडच्या कोरड्या गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, माझे सासरे. त्यांची सारी नोकरी कोकणातल्या एका बेटावर, दीपगृहाची बत्ती सांभाळण्यात गेली. गाव त्यांना बत्तीवाले तात्या म्हणे. घरातल्या कंदिलाची काच ते कुणालाही पुसू देत नसत. "काजळी राहिली, की नाव फुटती," म्हणत. इथे नाव कुठली! पण हसायची कुणाची छाती नव्हती.

माझे यजमान मात्र बापाशी कामापुरतंच बोलत. कारण मला लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं. ऐन पावसाळ्यात सासूबाई त्या बेटावर दुसऱ्या बाळंतपणात, बाळासकट गेल्या; यजमान तेव्हा लहान, इथे गावी आजीपाशी होते. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावरून होडी येईना. सुकं लाकूड नव्हतं, म्हणून त्यांना बत्तीच्या बुरुजाच्या पायथ्याशीच पुरलं. "आन् त्या संध्याकाळीबी तात्यांनी जिना चढून बत्ती लावली," यजमान म्हणाले.

एकदा धीर करून मी तात्यांना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "ती गेलीच हुती, सूनबाई. भाईर नावा हुत्या."

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे खडी फोडायला जात होतो. तेव्हा कोकणातून निरोप आला, जुना बुरूज पाडून लोखंडी मनोरा उभा करणार. तात्या सकाळच्या एसटीने निघाले. पुढचं त्यांनी परतल्यावर मला सांगितलं. ते तिथल्या कामावरच्या साहेबाच्या पाया पडले, "ऱ्हाऊ द्या उभा. कुनाचं काय खातोय त्यो?"

"तडे गेलेत, तात्या. कधीही कोसळेल," साहेब म्हणाला.

तात्यांनी भिंतीवरून हात फिरवला. खरंच होतं. मग ते स्वतःच मजुरांत शिरले. वरून ढकललेला दगड सासूबाईंवर पडू नये, म्हणून एकेक चिरा हातांनी उतरवून घेतला. चौथरा तेवढा साहेबाने त्यांच्या शब्दाखातर ठेवला.

परत आले ते खोकतच. पाऊस यायच्या आधी गेले. मुलाशी शेवटचं बोलले ते एवढंच, "मला तिकडं न्या."

अस्थी घेऊन आम्ही दोघं बेटावर गेलो. एक म्हातारा कोळी चौथऱ्याला चुना लावत होता. म्हणाला, "दिवसा बत्ती नसते, नि खडक लांबून दिसत नाय, ह्यो पांढरा दिसतो. तात्या सांगून गेलेले."

यजमानांनी अस्थींचा कलश माझ्या हातात दिला. मग त्यांनी म्हाताऱ्याच्या हातातला कुंचला घेतला.

बापाविषयी ते अजूनही बोलत नाहीत. पण दरसाल पावसाळा सरला, की कोकणची एसटी धरतात.