अळणी ताटातलं मीठ

हे मी मार्थालाही सांगितलं नाही, म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. माझी बायको ती. तिला जाऊन आता वर्ष होईल. तुम्ही ऐकता म्हणून बोलतो.

शिकलो मी चौथीपर्यंत. शिरूरच्या दवाखान्यात आचारी होतो, आणि मार्था तिथंच पोरींना पथ्याचं जेवण शिकवायची — मधुमेहाला काय द्यायचं, सुजलेल्या माणसाला काय द्यायचं नाही. खेड्यातल्या पोरी त्या. आल्या तेव्हा तराजूचा काटाही वाचता यायचा नाही. वर्ष सरताना त्याच पोरी डॉक्टरला सांगायच्या, साहेब, ह्यांना डाळ जास्त होतीय. अशी शिकवायची ती. आवाज कधी चढला नाही. पोरीचं ताट बिघडलं तर स्वतः ते जेवायची आणि विचारायची, आता सांग, काय चुकलं? मी नवरा असून दाराआडून बघत उभा राहायचो.

वर्गाला वरची मान्यता होती. ती असली तर पोरींच्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळायची, नसली तर तो नुसता कागद. आणि मान्यता एकदा मिळून भागत नाही. काही वर्षांनी तपासणीची मंडळी परत येणार, शिकवणं बघणार, स्वयंपाकघर बघणार, पोरींचं जेवण चाखणार. ज्या खेपेचं सांगतोय, तेव्हा मार्थाला धड झोप नव्हती.

मंडळी रेल्वेनं दौंडला उतरली, तिथून जीपनं आली. चाखायचं ताट होतं कवठे गावच्या एका म्हाताऱ्या रोग्याचं. अंग सुजलेलं, मीठ बंद. ते रांधलं सुलोचनानं. राहू गावची पोर, बाप नसलेली, चुलत्यानं कुरकुरत पाठवलेली. वर्गात सगळ्यांत हुशार.

ताट झाकून ती पाणी आणायला गेली. मी — कसं सांगू — मी झाकण काढलं. आमटी चाखली. अळणी. असणारच, नाही का? पण लांबून आलेले पाहुणे, आणि त्यांच्या तोंडात अळणी आमटी? आमच्याकडं पाहुण्याला असं वाढलं तर गाव नाव ठेवतं. म्हणतील, बाईचा नवरा आचारी आणि हाताला चव नाही. चिमूटभर टाकलं. ढवळलं. झाकलं.

तपासणीच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. "ह्यात मीठ आहे."

"बाई, म्या न्हाई टाकलं," सुलोचना मार्थाला म्हणाली. "आईची आन."

मी तिथंच होतो. पाच पावलांवर.

मार्थानं मंडळींसमोर सगळं स्वतःवर घेतलं. माझी नजर कमी पडली, म्हणाली, पोरीला बोलू नका. मान्यता तरी अडकलीच. घरी येऊन तिनं मला विचारलं, "अहो, तुम्ही तर नाही ना टाकलंत?"

"मी कशाला टाकू? एवढं कळतं मला."

तिनं विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला — म्हणजे पोर खोटी ठरली. दुसऱ्या दिवशी ती सुलोचनाला म्हणाली, चूक पोटात घातली असती, पण खोटं बोलणारीच्या हाती मी रोगी देणार नाही. पोर ट्रंक डोक्यावर घेऊन गेली. मागं वळून बघितलं नाही तिनं. मार्थानं जन्मात कुणावर अन्याय केला असेल तर हा एवढाच. आणि तो मी तिच्या हातून करवला.

मान्यता तिनं परत आणली. दुसरी असती तर खचली असती. ती रोज प्रत्येक ताट स्वतः चाखायची, पोरींकडून पुन्हा पुन्हा तोलून घ्यायची. मंडळी आली तेव्हा त्याच बाईंनी तिचा हात हातात घेतला. पोरी नाचल्या. मी जिलेबी तळली. तळताना तरी बोलता आलं असतं की. कुणी अडवलं होतं?

शेवटी मार्थाचंच अंग सुजलं. मीठ बंद. मी रांधायचो, आणि कणभरही पडू द्यायचो नाही. एकदा आमटीचा घोट घेऊन म्हणाली, "राहूच्या त्या पोरीच्या हातची अशीच असायची. खोटं का बोलली असेल हो ती?"

मी म्हणालो, "पोरवय होतं तिचं."

तिनं वाटी संपवली. मी ती धुतली आणि पालथी घातली.