भाऊच्या नावाखालची ओळ

गावातल्या कोरड्या नळावर मी व्हिडिओ केला. गाव शिंदखेडा तालुक्यातलं. कॅमेरा बघून पुरुष पांगले, बोलली एकच अक्का. वर बजावलं, "मनं नाव मोठं लिखजो." तिचा आधीचा अर्ज 'तक्रारदार कोण ते कळत नाही' म्हणून परत आला होता.

एडिटिंग जळगावला, पिंप्राळ्यातल्या, लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत. अक्का बोलायला लागली की खाली काळी पट्टी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तिचं पूर्ण नाव. मी खूश. तेवढ्यात भाऊ आले. तालुक्याचे पुढारी, व्हिडिओ दाखवायला हॉल त्यांचाच मिळाला होता.

"बाईचं नाव काढ. 'एक त्रस्त महिला' लिही. सुरुवातीला माझं टाक, फोटोसकट."

"भाऊ, बोलली ती आहे."

"मग? पडदा कोणाचा आहे?"

काढलं मी. गावात जाऊन अक्काला फोनवर दाखवलं. तिने दोनदा बघितलं. "माय, मनं नाव कोठे शे?"

मी तिथून उठले. सरळ स्टुडिओत परत गेले.

लग्नाचा व्हिडिओ लोक कसा बघतात? स्वतः दिसेपर्यंत. भाऊंची माणसंही तशीच बघणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून लग्नाचाच साचा उघडला. सोनेरी अक्षरं, फिरती फुलं, 'आमचे प्रेरणास्थान', आणि भाऊंचं नाव अख्खा पडदा भरून. तपासायला आलेल्या त्यांच्या माणसाने तेवढंच बघितलं. "नाव अजून मोठं कर," म्हणाला. केलं. तो गेल्यावर पुढच्या भागात अक्काची नावाची पट्टी परत जागेवर ठेवली. आणि नळाच्या उद्घाटनाची जुनी क्लिप जोडली. तिच्यात भाऊ हार घालून सांगतात, आठ दिवसांत घरोघर पाणी. खाली त्यांचं नाव, आणि नावाखाली दुसरी ओळ: 'या नळाला आजवर पाणी आलेलं नाही.' क्लिप संपेपर्यंत ती ओळ मी हलू दिली नाही.

हॉलमध्ये आधी सोनेरी नावाला टाळ्या पडल्या. मग अक्काचं नाव आलं. ती खुर्चीतून उठली आणि मोठ्याने वाचलं, आडनावासकट. मग भाऊ आले पडद्यावर. मागच्या रांगेतून हसू सुटलं ते पुढपर्यंत आलं.

भाऊ माझ्यावर धावले. "ती पट्टी काढ आधी!"

"आता निघत नाही, भाऊ. व्हिडिओ तयार झाला की अक्षरं चित्रातच जातात."

दुसऱ्या दिवशी अक्काने नवा अर्ज दिला. सोबत तो व्हिडिओ, सोनेरी फुलांसकट.