दहा दिवसांची सुट्टी

मी केंद्रीय राखीव दलात हवालदार होतो. पोस्टिंग गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीच्या पुढे. सकाळी साडेपाचला आमची रोड ओपनिंग पार्टी निघे. गाड्या यायच्या आधी नक्षल्यांनी रस्त्यात पेरलेला माइन, म्हणजे भूसुरुंग, शोधायचा, हे काम. मी जेमतेम दहावी शिकलो, पण माझ्या सेक्शनचा एक नियम मीच बनवला होता. वायर दिसली की हात लावायचा नाही. जागीच थांबायचं अन् मागच्या माणसाले बोलवायचं. दोघांनी पाहिल्यावरच रेडिओ. त्या नियमानं दोन वर्षं कोणाचं बोटही गेलं नाही.

मग नवे कंपनी कमांडर आले. म्हणाले, जवानांत जोश पाहिजे. ज्याला माइन सापडेल त्याला दहा दिवस सुट्टी. एकट्याला.

मी म्हटलं, "साब, देना है तो पूरे सेक्शन को दो."

"सबको दिया तो मेहनत कौन करेगा?"

आठ दिवसांत नियम मोडला. मागच्याले बोलवलं तर तोही हक्क सांगेल, म्हणून कोणी बोलवेना. माणसं एकमेकांच्या पुढे चालू लागली.

लान्स नायक देवराव मूल गावाकडचा. एकुलत्या बहिणीचं लग्न होतं अन् त्याची सुट्टी नामंजूर झाली होती.

"काऊन इतका पुढे पळून राह्यला बे?" मी त्या सकाळी विचारलं.

"नवरदेवाचा कान पिळाले भाऊच लागते, उस्ताद. तुम्ही जाता का?"

"मी पिळला तं कान हातात येईल."

तो हसला अन् परत पुढे गेला.

सहा चाळीसला पुलियाजवळ तो खाली बसला. मागे वळून आमच्याकडे पाहिलं. पण मागच्याले बोलवाले हात वर केला नाही.

"देवराव, थांब. मी येतो."

तो वाकला. स्फोट झाला.

मी रेडिओवर सांगितलं, "एक कॅज्युअल्टी. देवराव. ओव्हर."

तिकडून साहेब. "माइन किसको मिला? ओव्हर."

"उसी को मिला, साब. ओव्हर."

वीस पावलांवर दुसरी वायर मले दिसली. मी मागच्याले बोलवलं, दोघांनी पाहिली. तरी सुट्टीच्या कागदावर नाव एकट्या माझंच आलं. मी तो घेतला नाही. साहेब म्हणाले, अडियल है. आहेच मी हट्टी.

देवरावचं नाव आता दगडावर आहे. खाली शौर्य लिहिलं आहे. शूर तो होताच, त्याच्यासंग मी चाललो आहे. पण त्या सकाळी त्याले शौर्य गाजवायचं नव्हतं. त्याले बहिणीच्या लग्नाले जायचं होतं.