अख्खी करंजी

कस्तुराबाईंचा आवाज एवढा मोठा, की उपासनेत त्यांनी गीत धरलं की पेटीवाला आपोआप हात हलका करायचा. लातूरच्या ख्रिस्ती वस्तीत लहानथोर सगळे त्यांना आत्या म्हणत. नोकरी दवाखान्यात आयाची, पण नाताळ जवळ आला की दवाखाना मागं पडायचा आणि त्यांची करंजी पुढं यायची. कडेला अशी बारीक मुरड, जसा लुगड्याचा काठ.

जिल्हा नवा झाला, तुरुंगाच्या दारावर नवी पाटी लागली, आणि पाळकसाहेब नाताळात मंडळींना घेऊन तिथं जाऊ लागले. दोन गीतं, एक प्रार्थना, मग फराळ. आत्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा फाटकावरच्या शिपायानं त्यांचा डबा उघडला आणि एकेक करंजी मधोमध मोडायला लागला.

"आरं, काय करायलास?"

"आत काही लपवलं असंल तर? हुकूम हाय, मावशी."

मोडलेल्याच वाटून टाकल्या. कैद्यांत उदगीरकडचा बसवराज होता, बांधाच्या मारामारीत आत आलेला. लिंगायत, गळ्यात लिंग. त्यानं आधी खात्री करून घेतली.

"अंडं न्हाई ना ह्यात?"

"न्हाई बाबा. तुझ्या मायच्या करंजीत असतंय तेवढंच हाय."

त्यानं दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघितले. सारण सांडलं. "आमची माय पाहुण्याला फुटकी करंजी देत नसती," तो म्हणाला. सगळे हसले, आत्याही हसल्या. पण घरी आल्यावर त्यांनी उरलेल्या करंज्यांना हात लावला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. वस्तीतल्या ख्रिस्ती देवळामागची विहीर तळाला गेली. पाळकसाहेब म्हणाले, "आत्या, यंदा बिस्किटांचे पुडे नेऊ. बंद पुडा, मोडामोडीची कटकट नाही."

"मग पोस्टानं धाडा की. मी कशाला येऊ?"

आणि त्या तडक जेलरकडं गेल्या. महादेवप्पा जेलर कपाळभर भस्म लावून खुर्चीत बसलेले.

"साहेब, यंदा करंजी मोडायची न्हाई."

"मग आत यायची न्हाई."

"तुमच्या आत पोळ्या कोण भाजतंय?"

"कैदी. मी भाजतो का?"

"मग करंज्याबी त्यांनाच करू द्या. पीठ चाळून बघा, खोबरं उकरून बघा. तुमच्या डोळ्यासमोर आत झालेली करंजी कशाला मोडायची?"

महादेवप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, तुम्ही दवाखान्यात वाया चाललाव, कोर्टात पायजे होताव. पण टँकर येतोय एक दिवसाआड. पीठ कशानं मळू? कढई कशानं धुऊ?"

"कढई राखेनं घासतील. पिठाचं पाणी आम्ही आणतो."

बोलून गेल्या, आणि महादेवप्पा हो म्हणाले. बाहेर आल्यावर ध्यानात आलं, की आपल्या घरातली घागर सकाळपासून पालथी आहे.

मग दारोदार. "तांब्याभर द्या. दुसऱ्यांदा मागायची न्हाई." कुणी दिलं, कुणी आतूनच खोकलं. शेजारच्या तारामतीची सून नुकतीच बाळंत झालेली. तारामतीनं तांब्या दिला, पण हातातून लवकर सोडेना. "बाळाच्या आंघोळीचं हाय, आत्या. सांडू नका."

नाताळच्या दुपारी ढोलकीच्या मागं डोक्यावर घागर घेऊन आत्या निघाल्या, गीत गात, मान न हलवता. फाटकावर तोच शिपाई. त्यानं पीठ चाळलं, रवा चाळला, घागरीत काठी फिरवली. मग म्हणाला, "सामान जाऊ द्या. बायांना मुदपाकखान्यात मनाई हाय."

हे मात्र आत्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं. आत सगळे गडी. मुरड कोण घालणार? मुरड नीट नसली तर करंजी तेलात फुटणार, आणि पुन्हा तेच. त्या अंगणातल्या लिंबाखाली मटकन बसल्या. मग पदर खोचला आणि मुदपाकखान्याच्या भिंतीकडं तोंड करून आवाज लावला.

"मोहन कडकडीत घाला. लाटी पातळ लाटा. कडेला पाण्याचं बोट फिरवा, नुसतं बोट, ते बाळाच्या आंघोळीचं पाणी हाय."

आतून बसवराजचा आवाज आला, "मावशी, फुटायली."

"सारण कमी भर. हावरटपणा करू नको."

आत हशा पिकला.

"आता चिमटीत धर अन् दुमड. धर, दुमड. घाई कुणाला हाय? तुम्हाला कुठं जायचंय?"

आता भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हशा. महादेवप्पा खुर्ची घेऊन बाहेर आले होते, तेही पोट धरून.

तळणाचा वास अंगणभर झाला. पराती बाहेर आल्या. एखादी करंजी माशासारखी, एखादी जोड्यासारखी. पण अख्खी. बसवराजनं जर्मनच्या ताटलीत एक ठेवली आणि आधी आत्यांसमोर धरली.

"घ्या. पाहुण्याला पहिली."

आत्यांनी ती खाल्ली नाही. पदरात बांधली, तारामतीला दाखवायला.

निघताना फाटकावर शिपायानं हात आडवा केला. "पदरात काय?"

"करंजी."

"आतली चीज बाहेर जातानाबी तपासावी लागती, मावशी." त्यानं मोडायला बोटं पुढं केली.

आत्यांनी त्याच्याकडं बघितलं, करंजीकडं बघितलं, आणि अख्खीच्या अख्खी तोंडात घातली. मग रिकामा पदर त्याच्यापुढं झटकून दाखवला.

रस्त्याला लागल्यावर पाळकसाहेबांनी गीत धरलं. आत्यांचं तोंड रिकामं होईतो पहिलं कडवं बाकीच्यांनाच ओढावं लागलं.