विलायतेतलं पक्कं घर

धाकटी बहीण इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिने आईला आणि मला तिकडे बोलावलं, आणि आठवडाभर खेड्यात राहायला कॉटेज निवडायचं काम माझ्यावर सोपवलं. साहजिकच आहे. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि ते मी कोणाला विसरू देत नाही.

देवासला बसून मोबाइलवर मी एक निवडलं. दगडी भिंती, दारावर गुलाब, वर गवताचं जाड छप्पर. आईने चष्मा लावून पाहिलं.

"ही तर झोपडी आहे."

"आई, तिकडे हीच महाग असते."

"असू दे. तुझ्या बाबांनी जन्मभर खपून स्लॅब टाकला, आणि मी विलायतेत जाऊन गवताखाली झोपू? सोनकच्छची मावशी फोटो बघून काय म्हणेल?"

मावशीचं नाव निघालं की आमच्याकडे वाद संपतो. शोधून शोधून मी सपाट छताचं एक सिमेंटचं घर काढलं. बहीण फोनवर ओरडली, "दादा, हे कोणीच घेत नाही!" आई मात्र खूश होती. पापड वाळवायला गच्ची होती ना!

तिथे पोचताच आईने घरासमोर ताठ उभं राहून फोटो काढून घेतला आणि मावशीला पाठवला. लगेच मावशीचा फोन.

"अगं, अजून निघाला नाहीत का? ये तो अपनी कॉलनीच दिसतेय!"

 संध्याकाळी आई मला गल्लीच्या टोकाला घेऊन गेली आणि गवताच्या छपराच्या एका घरासमोर उभी राहिली.

"काढ फोटो. पण तिला सांग, हे शेजाऱ्यांचं आहे."