लिंबाखालची मोटरसायकल

अनसिंगच्या शेषरावांची धम्मदीपा विद्यापीठात गुन्ह्यांचं विश्लेषण शिकते, म्हणजे नेमकं काय करते, हे गावाला आजवर कळलेलं नाही. लोकांनी आपलं सोपं करून घेतलं: पोरगी जासूस होणार. शेषरावांना मात्र घोर. मास्तरीण झाली असती तर बरं, असं त्यांचं मत. पहिल्या वर्षाला कसाबसा होकार दिला; दुसऱ्याचं सुट्टीत बघू म्हणाले. सध्या त्यांना एकच सुख होतं. बाजाराच्या दिवशी ऑइल बदललं, तेव्हापासून मोटरसायकल एका किकमध्ये सुरू होत होती.

धम्मदीपाला सुट्टीत प्रकल्प करायचा होता. ठाण्यातल्या मारोतराव जमादारांनी विषय दिला: आठवडी बाजारातून मोटरसायकली जातात, चोर सापडत नाही. गेल्या बाजारी गावातल्या शालिग्रामची गेली होती.

पोरगी कामाला लागली. गाड्या गेलेल्यांना भेटली, जागा नकाशावर मांडल्या. सगळ्या बाजारातल्या लिंबाखालच्या, सगळ्या काळ्या, जुन्या. शेजारच्या कोऱ्या करकरीत गाडीला कोणी हात लावलेला नाही. असा कसा चोर? लिंबाखाली एक काळी गाडी बाजारापासून बेवारस उभी होती. तिनं शालिग्रामची झिजून गुळगुळीत झालेली किल्ली तिला लावून पाहिली. लागली! म्हणजे चोर नव्हताच. लोक एकमेकांच्या गाड्या नेत होते. मग तिनं चिखल पुसून नंबर वाचला. गाडी बाबांची होती; म्हणजे घरी अंगणात उभी होती ती शालिग्रामची. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

आता सांगावं तर बापाचं हसं, न सांगावं तर शालिग्राम पायी. संध्याकाळी जेवताना तिनं चाचरत सगळं सांगितलं. आई लिलाबाईंचा हात भाकरीवरच थांबला. शेषराव उठले, अंगणात जाऊन नंबर वाचला आणि सरळ जाऊन झोपले. धम्मदीपाला वाटलं, संपलं आपलं शिक्षण.

सकाळी ते तिला घेऊन लिंबाखाली गेले. चार माणसं बसलेली पाहून मुद्दाम थांबले आणि त्यांतल्या शालिग्रामच्या हाती त्याची गाडी दिली.

"चोर मीच हाओ," ते मोठ्यानं म्हणाले. "माह्या पोरीनं धरला मले."

माणसं पोट धरून हसली, शालिग्रामही हसला. शेषरावांच्या छातीत मात्र अभिमान मावत नव्हता.

त्यांची स्वतःची गाडी काही किकनं सुरू होईना. धम्मदीपा मागून ढकलू लागली. धापा टाकत त्यांनी विचारलं, "दुसऱ्या वर्षाचं कालेज कवा सुरू होऊन राह्यलं?"